मुठीतला खडा

"कादर, तेला सांग, नऊ हायेत," बकेटमध्ये पाय ठेवता ठेवता शिमोन म्हणाला.

मी तिथून चार हातांवर उभा होतो. मला ते स्वच्छ ऐकू आलं होतं. तरीही यारीवर बसलेल्या कादरनं मान वळवली आणि मला सांगितलं, "सिलास, नऊ."

"ऐकलं म्हनावं," मी म्हणालो. तेही कादरलाच.

"अरे बाबांनो," कादर कपाळाला हात लावून म्हणाला, "मी मानूस हाय का टपालपेटी?"

शिमोन माझा सख्खा थोरला भाऊ. दोन वर्षं आमचं असंच चाललं होतं. धंदा मात्र एकत्र होता, कारण विहिरीचं काम तीन माणसांशिवाय होत नाही. एकानं खाली उतरून खडकात सुरुंग भरायचे आणि वाती पेटवायच्या, एकानं यारी चालवून त्याला वर ओढायचं आणि एकानं वर थांबून बार मोजायचे. शिमोन खाली, कादर यारीवर आणि मी मोजायला. बापाच्या वेळेपासून हे असंच होतं, फक्त तेव्हा यारीच्या जागी बैल होते.

मोजायची रीतही बापाचीच. जितके सुरुंग भरले असतील तितके खडे उजव्या मुठीत घ्यायचे. एक बार उडाला की एक खडा सदऱ्याच्या खिशात टाकायचा. मूठ रिकामी झाली तर खाली उतरायला मोकळीक. मुठीत एक जरी खडा उरला, तर दुसऱ्या दिवसापर्यंत विहिरीकडे फिरकायचं नाही, कारण न उडालेल्या सुरुंगाची वात कधीकधी आत धुमसत राहते आणि माणूस खाली गेला की त्याचा जीव घेते. बापाच्या उजव्या हाताची दोन बोटं अशाच एका उरलेल्या सुरुंगानं नेली होती. त्यामुळे हा नियम आमच्या घरात दहा आज्ञांच्या खालोखाल होता.

आणखी एक नियम होता. पेटवणाऱ्यानं मोजायचं नाही. उतरायची घाई त्यालाच असते, म्हणून त्याचा आकडा हमखास पुरा भरतो, असं बाप म्हणायचा. पेटवणाऱ्यानं मोजणाऱ्याच्या शब्दावर उतरायचं.

तो दिवस गुड फ्रायडेच्या आदला, गुरुवार होता. राहुरीच्या पलीकडे, एका उघड्याबोडक्या माळावर आम्ही सहा परस, म्हणजे सहा माणसांच्या उंचीइतके, खोल गेलो होतो. पाणी अजून लागलं नव्हतं. ऊन असं की यारीच्या लोखंडाला हात लावला तर चटका बसावा. शेताचा मालक बाजाराला गेला होता आणि त्याची म्हातारी आई, गयाबाई, खोपटात चुलीपुढे होती.

माझं डोकं सकाळपासूनच फिरलेलं होतं. सकाळी सायकली झाडाला टेकवताना शिमोननं कादरजवळ निरोप दिला होता.

"तेला सांग, मार्था आलीय. काल सांजच्या येष्टीनं, लेकीला घिऊन. माझ्या घरी उतरलीय. तेनं माझ्या दारात पाय ठिवायचा न्हाई. उद्या चर्चमदी लांबनं बघायचं तर बघावं."

मार्था म्हणजे माझी बायको. रूथ माझी लेक. तिला मी शेवटची पाहिली तेव्हा ती तीन वर्षांची होती. आणि माझ्या बायकोला, माझ्या लेकीला मी लांबून बघायचं, हे ठरवणार कोण, तर माझा भाऊ. कादरनं तो निरोप मला पुन्हा सांगायचं टाळलं. मान खाली घालून तो इंजिनात तेल ओतत बसला.

मुळात भांडण दोन वर्षांपूर्वीचं. नाताळच्या आधीच्या रविवारी शिमोन भर चर्चमध्ये उठून उभा राहिला आणि पाळकसाहेबांना म्हणाला, "माझ्या भावाला प्रभुभोजन देऊ नका." कारणही सांगितलं. सख्ख्या भावानं. शंभर माणसांत. माझ्या हातापर्यंत आलेली भाकर पाळकसाहेबांनी मागे नेली. त्याच आठवड्यात शिमोननं मार्थाला आणि पोरीला स्वतः एसटीत बसवून माहेरी संगमनेरला धाडलं. ते खरं का, असं मला कुणी विचारलं की मी म्हणायचो, भावकी आहे, चालायचंच. त्यानंतर मी चर्चची पायरी चढलो नाही आणि देवाशीही बोलणं टाकलं. त्याच्याकडे निरोप न्यायला तर कादरही नव्हता.

शिमोन वाती पेटवायला खाली उतरला. थोड्या वेळानं त्यानं दोर हलवला, कादरनं त्याला वर घेतलं आणि इंजिन बंद केलं. "सुरुंग हाय रे! सुरुंग!" अशी कादरनं तीनदा आरोळी ठोकली. मग तो बांधाआड कानांत बोटं घालून बसला. शिमोन विहिरीच्या दगडांच्या ढिगाआड गेला. मी माझ्या ठरलेल्या जागी, बाभळीच्या बुंध्यामागे पालथा पडलो. मुठीत नऊ खडे.

पहिला बार उडाला. जमीन पोटाखालून हलली. दुसरा. तिसरा. शिमोन वाती लहानमोठ्या कापायचा, म्हणजे दोन बार एकदम उडून मोजणाऱ्याचा घोटाळा होऊ नये. चौथा, पाचवा. दगड वर उडून माळावर धपाधप पडत होते. सहावा. सातवा. मग जरा खंड पडला आणि आठवा उडाला.

नववा आला नाही.

मी शंभरापर्यंत आकडे म्हटले. पुन्हा शंभरापर्यंत म्हटले. विहिरीतून पांढरा धूर चढत होता आणि माझ्या मुठीत एक खडा होता. वाटाण्याएवढा, काळा, एका बाजूला टोक आलेला. ते टोक मला तळव्याला टोचत होतं.

ढिगाआडून शिमोन उठला, अंग झटकत यारीजवळ आला आणि कादरला म्हणाला, "इचार तेला, झाले का?"

"झाले का रे?" कादरनं विचारलं.

आजवर हजार वेळा मी या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. त्या दिवशी मला समोर शिमोन दिसत नव्हता, त्याचं दार दिसत होतं. दाराच्या आत मार्था, तिच्या पदराला धरून रूथ, आणि दाराबाहेर मी.

"झाले," मी म्हणालो.

शिमोननं माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच सरळ पाहिलं. पण त्याची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, जरा खालीच होती. मग त्यानं पहार उचलली.

"धूर निवू दे की थोडा," कादर म्हणाला.

"उद्या गुड फ्रायडे हाय. आजच आटपू," शिमोन म्हणाला आणि बकेटमध्ये बसला.

यारी करकरली. त्याचं तोंड, मग डोक्याचा रुमाल दिसेनासा होऊन नुसती तार उरेपर्यंत मी बघत राहिलो. कादरनं रिकामं बकेट वर घेतलं, इंजिन बंद केलं आणि पाण्याचा डबा घेऊन ओढ्याकडे निघाला. इंजिन तापलं होतं, त्यात पाणी घालायचं होतं. "येतोच," म्हणाला.

आता माळावर मी एकटा, आणि खाली तो.

मी स्वतःला समजावू लागलो. कदाचित दोन बार एकदम उडाले असतील. होतं असं कधीकधी. कदाचित शिमोननंच आकडा चुकवला असेल, आठच भरले असतील. कदाचित नववी वात आधीच विझली असेल. मी काही केलं नव्हतं, एक शब्द बोललो होतो फक्त. पण मी तीस वर्षांचा होतो आणि विहिरींच्या काठावरच वाढलो होतो. दोन बार एकदम उडाले तर पोटाखालची जमीन ते सांगते. ती काही बोलली नव्हती.

काठावर जाऊन मी वाकून पाहिलं. पांढरा धूर पातळ झाला होता. पण पूर्वेच्या कोपऱ्यातून, कपारीतून, एक निळसर धुराची रेघ सरळ वर येत होती. दोऱ्याएवढी. मी ती पाहिली आणि मागे सरलो. सुरुंगानंतर धूर असायचाच, असं मनाशी म्हणालो.

आणखी एक गोष्ट होती. खालून पहारीचा आवाज येत नव्हता. शिमोन उतरला की लगेच सुटलेला दगड उचकटायला लागायचा, पहार खडकावर खणखणायची. आज खाली सगळं चिडीचूप होतं. काय करतोय हा तिथं बसून, असं वाटलं. मग वाटलं, जे करत असेल ते करो.

मी बाभळीकडे परत आलो. मूठ मी उघडली नाही. का, ते सांगता येणार नाही. खडा टाकून दिला असता तर कुणालाही कळलं नसतं. पण बोटं सुटतच नव्हती.

तेवढ्यात गयाबाई आल्या. डोक्यावर भाकरीची पाटी, कडेवर कळशी, हातात तांब्या.

"झाले का रं बार?"

"झाले, आजी."

"लई हादरे बसले बाई आज. चुलीवरचा तवा हालला." पाटी खाली ठेवून त्यांनी तांब्या भरला. "पानी पी आधी. तोंड बघ कसं झालंय."

त्या घरात आम्हाला तांब्या हातात द्यायची पद्धत नव्हती. आमचा आजा ख्रिस्ती झाला, पण गावाच्या लेखी तो जिथं होता तिथंच राहिला. गयाबाई वरून पाणी ओतायच्या आणि आम्ही ओंजळीनं प्यायचो. मनानं चांगली बाई, दुष्ट अजिबात नव्हती, पण रीत ती रीत. त्यांनी तांब्या उंच धरला. मी डावा हात पुढे केला.

"एका हातानं वंजळ हुती का कुटं? दुसरा हात आन."

"नको. तहान न्हाई."

"तहान न्हाई कशी? व्हट सुकल्यात." त्यांनी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. "काय धरलंय एवढं? मूठ उघड की."

मी मूठ पाठीमागे नेली. एखादं चोर पोर नेतं तशी.

गयाबाईंनी तांब्या खाली ठेवला, पाटीवरचं फडकं काढलं आणि भाकऱ्या वाटणीला काढू लागल्या. "कादर वड्याकडं जाताना दिसला. तेची झाकून ठिवते." मग मान वर करून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला विचारलं, "तुझा भाऊ कुटंय?"

"मला काय म्हाईत?" मी खेकसलो. "मी काय तेची राखन करतोय का?"

शब्द तोंडातून गेले आणि मी जागच्या जागी थिजलो.

लहानपणी शब्बाथशाळेत पाळकसाहेब आम्हाला जगातल्या पहिल्या दोन भावांची गोष्ट सांगायचे. एक भाऊ शेतात मरून पडलाय, दुसऱ्यानंच त्याला मारलंय, आणि देव त्या दुसऱ्याला एवढंच विचारतो की तुझा भाऊ कुठे आहे. त्यावर तो भाऊ जे उत्तर देतो, ते ऐकून आम्ही पोरं दर वेळी दचकायचो. देवाशी कुणी असं उर्मट बोलतं का! शिमोन माझ्या शेजारी चटईवर बसायचा. त्या जागेला गोष्ट आली की तो माझा हात धरायचा, कारण मी भ्यायचो.

तेच उत्तर मी आता दिलं होतं. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी पढवलं नव्हतं. माझ्याच बोलीत, माझ्याच तोंडून, जसंच्या तसं आलं होतं. आणि प्रश्न विचारणारी ही म्हातारी! तिनं ती गोष्ट जन्मात ऐकलेली नव्हती. तिला फक्त तिसरी भाकर कुणापुढे ठेवायची ते जाणून घ्यायचं होतं. पण त्या माळावर ती एकटीच विचारत नव्हती, एवढं मला कळलं. मला इतकी भीती वाटली की तेवढी पुढे आयुष्यात कधी वाटली नाही.

"आसं काय बोलतोस रं?" गयाबाई म्हणाल्या. "पाठचा ना तू त्याचा?"

माझी मूठ उघडली. खडा त्यांच्या कळशीपाशी ओल्या मातीत पडला.

मी विहिरीच्या काठाकडे धावलो. निळी रेघ आता दोऱ्याएवढी नव्हती, करंगळीएवढी झाली होती.

"दादा!" मी ओरडलो.

दोन वर्षांनी तो शब्द उच्चारला. घसा फाटल्यासारखा आवाज आला. खाली काही हललं नाही. मग खोलवरून शिमोनचा आवाज आला, शांत.

"कादर, काय म्हनतोय तो?"

"कादर न्हाई हितं! दादा, मी हाय! मी बोलतोय! एक बार राह्यलाय!"

मग तो दोन वर्षांत पहिल्यांदाच सरळ माझ्याशी बोलला. "तू झाले म्हनला व्हतास."

"खोटं बोललो! आठच झाले! वर ये, दादा, वात पेटतीय!"

पण वर येणार कसा? बकेट वर होतं आणि इंजिन बंद. यारीच्या पायाला अडीअडचणीसाठी एक सोल, म्हणजे जाड दोरखंड, बांधून विहिरीत सोडलेला असायचा, पण शिमोनचा डावा खांदा मागच्या वर्षी निखळला होता, त्याला सोलावरून चढणं शक्य नव्हतं. "आजी, कादरला हाक मारा!" असं ओरडून मी तो सोल धरला आणि खाली घसरलो. मला अक्कल असती तर मी इंजिन सुरू करायला धावलो असतो. खाली जाऊन मी काय करणार होतो? पण तेव्हा मला एवढंच सुचलं की तो खाली एकटा आहे.

सहा परस मी हातांवर घसरत गेलो. तळव्यांची कातडी सोलावरच राहिली. ते मला खाली पोचल्यावर कळलं, सोल लाल दिसला म्हणून.

शिमोन पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याच्या पुढे एक भलीमोठी शिळा होती, बारानं उलथलेली, छातीइतकी उंच. पहार त्याच्या शेजारी टेकवलेली होती, तिला धूळसुद्धा लागलेली नव्हती. त्या घाईत मी याचा काही विचार केला नाही.

"तू कशाला उतरलास, येड्या?" तो म्हणाला. माझी मान धरून त्यानं मला शिळेमागे दाबलं आणि स्वतः माझ्यावर ओणवा झाला. त्याच्या छातीचं धडधडणं मला पाठीवर जाणवत होतं. समोर दहा-बारा हातांवर कपारीतून धूर येत होता आणि त्यात बारीक फुसफुस ऐकू येत होती.

"सोड मला. तू सोल धर, मी खालनं रेटतो," मी म्हणालो.

"गप. हालू नगंस."

वर गयाबाईंचा आवाज चढला होता. "आरं कादऱ्या! धाव रं! दोघं बी आत हायेत!" मग धावण्याचा आवाज. इंजिनाचं हँडल फिरलं, इंजिन खोकलं आणि गप झालं. पुन्हा फिरलं, पुन्हा गप. शिमोन काहीतरी पुटपुटत होता. प्रार्थना असावी. मला एकही प्रार्थना आठवेना. मी नुसतं "दादा, दादा" म्हणत होतो. तिसऱ्यांदा हँडल फिरलं आणि इंजिन धडधडलं.

बकेट खाली आलं ते विहिरीच्या मधोमध, उघड्यावर. त्याच्यापर्यंतची चार पावलं मला अजून आठवतात. बकेट एका माणसाचं. शिमोननं मला आधी आत ढकललं, मग एक पाय आत घालून तारेला लोंबकळला. वर कादर काय काय बोलत होता, अल्लाला बोलत होता की आम्हाला, कळत नव्हतं. यारी कण्हत होती. भिंतीतला एकेक थर खाली जाताना दिसत होता, मांजऱ्या खडक, मुरूम, मग काळी माती, मग ऊन.

काठावर पडल्या पडल्या आम्ही धावलो. कादरनं गयाबाईंना बांधाआड ओढलं. मी आणि शिमोन दगडांच्या ढिगाआड शेजारी शेजारी पालथे पडलो.

बार उडाला नाही.

आम्ही वाट बघत राहिलो. माझ्या हातांतून रक्त येत होतं आणि त्यावर धूळ बसत होती. शिमोन माझ्याकडे बघत नव्हता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. वाटलं, आता उडालाच नाही तर बरं होईल. मग म्हणता येईल, काही नव्हतंच, उगाच घाबरलो. पण हे वाटलं आणि माझीच मला किळस आली.

"दादा," मी म्हणालो, "मी मोजण्यात चुकलो न्हाई. खडा मुठीत व्हता. मुद्दाम झाले म्हनलो."

त्यानं कपाळ मातीत टेकलं.

"म्या समद्यांना सांगितलं तशी मार्था हिरीवर घसरून पडली न्हवती. तिचा हात म्या मोडला. पिऊन आलो व्हतो. रूथ रडत व्हती म्हनून मार्थानं तिला उचललं, आन म्या मार्थाचा हात पिरगाळला. तू चर्चमदी खोटं बोलला न्हाईस."

हे मी कुणाजवळही कबूल केलं नव्हतं. स्वतःजवळही नाही. दोन वर्षं मी शिमोनवर दात धरून होतो, कारण त्यानं खरं सांगितलं होतं.

शिमोन तसाच पडून होता. तो काही म्हणेल म्हणून मी थांबलो. त्याच वेळी जमीन उचलल्यासारखी झाली. ढिगावरचे दगड आमच्या पाठीवर घरंगळले. विहिरीतून धुराचा लोट उसळला, आणि एक दगड, चांगला मडक्याएवढा, बाभळीच्या बुंध्यावर, मी मघाशी उभा होतो तिथं आदळला.

धूळ खाली बसायला वेळ लागला. मग शिमोननं विचारलं. कादरला नव्हे, मला.

"किती?"

"नऊ," मी म्हणालो.

"मग ऊठ."

गयाबाई बांधाआडून आल्या. माझे हात त्यांनी पाहिले. त्यांनी कळशी आणली, पण या वेळी वरून पाणी ओतलं नाही. खाली बसल्या, माझे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले, बोटांनी माती धुतली आणि आपल्या पदराची किनार फाडून बांधली. "भावासाटी उडी घेतली लेकरानं," त्या कादरला सांगत होत्या. ते ऐकवेना. मी शिमोनकडे पाहिलं. तो खरं काय ते सांगेल असं वाटलं. तो सायकलीची हवा बघत होता.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. अंगणाच्या कडेला थांबलो, दारात पाय ठेवला नाही. मार्था बाहेर आली. तिचा डावा हात कोपरापासून सरळ होत नव्हता, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तिच्या मागून रूथनं डोकावलं आणि मला न ओळखता पुन्हा आत गेली. मार्थाला मी सकाळपासूनचं सगळं सांगितलं. खड्याचंही सांगितलं. ती माझ्या हातांवरच्या चिंध्यांकडे बघत राहिली.

"मला काय सांगता?" ती शेवटी म्हणाली. "उद्या समद्यांपुढं सांगा."

मी सांगितलं. गुड फ्रायडेला, शंभर माणसांत, शिमोन जिथं उभा राहिला होता तिथंच उभं राहून. माझी मान वर होत नव्हती, पण सांगितलं. चर्चबाहेर मार्था म्हणाली, "एक वरीस. थेंब न पिता एक वरीस काढा. मंग बघू." ते वर्ष कसं काढलं ते माझं मला ठाऊक. पुढच्या ईस्टरला ती परत आली. रूथला मला बाबा म्हणायला त्याहून जास्त वेळ लागला, आणि तो तिचा हक्क होता.

आम्ही पुढे आणखी अकरा वर्षं विहिरी खोदल्या. बार मीच मोजायचो. शिमोन मला सरळ विचारायचा, "झाले?" आणि मी रिकामी मूठ उघडून त्याला दाखवायचो. त्या गुरुवारबद्दल तो पुन्हा कधी बोलला नाही. मीही काढलं नाही. मला वाटायचं, त्यानं माफ केलं आणि विसरला.

मागच्या साली तो गेला. जायच्या आधी आठ-दहा दिवस खाटेवर होता. एका दुपारी मी त्याच्या उशाशी बसून मोसंबं सोलत होतो. माझ्या तळव्यांवरचे वण त्याच्या डोळ्यांसमोर होते. तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत होता.

"तुजी मूठ मिटलेली व्हती," तो म्हणाला.

"कवा?"

"त्या दिशी. तू झाले म्हनलास, तवा. मूठ मिटलेली. म्या बघितली व्हती."

माझ्या हातातलं मोसंबं तसंच राहिलं. सगळं एकदम समोर आलं. त्याची ती खाली गेलेली नजर, धूळ न लागलेली पहार, छातीइतक्या उंच शिळेमागे भिंतीला पाठ लावून त्याचं ते उभं राहणं.

"तुला ठावं व्हतं? मंग उतरलास कशाला?"

"राग मलाबी व्हता, सिलास," तो म्हणाला. एकेक शब्दाला त्याला दम लागत होता. "म्हनलं बघू तरी, भाऊ हाय का न्हाई मला. देवाची परीक्षा बघू न्हाई म्हनत्यात. म्या बघितली. ते पाप माजं. कुनालाच सांगितलं न्हाई, आज तुला सांगतो."

मी मोसंबं खाली ठेवलं. मला त्याच्यावर ओरडायचं होतं आणि त्याचे पायही धरायचे होते.

"आन दादा, म्या हाक मारलीच नसती तर?"

त्यानं डोळे मिटले. ओठांवर थोडं हसू होतं.

"मारलीस न्हवं," तो म्हणाला.